धावून आलेल्याने आधी बसावं

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू परत गेल्यापासून घर रिकामं झालंय असं लिहिणार होतो, पण खरं सांगायचं तर घर रिकामं नाही, शांत झालंय. इस्पितळात माझ्या उशाशी बसून तू नर्सबाईंना जे धडे दिलेस ते त्या अजून विसरलेल्या नाहीत. परवा तपासणीला गेलो तर त्यांनी आधी हेच विचारलं की आज ताई सोबत नाहीत ना. नाही म्हटल्यावर त्यांच्या जिवात जीव आला आणि मग माझी नाडी बघितली.

डॉक्टर खूश आहेत. त्यांनी जी गोळी दिली आहे तिला बीटा ब्लॉकर म्हणतात. ती हृदयाला उगाच धावू देत नाही, एवढं मला समजलं. नाडी आधीपेक्षा पुष्कळ संथ झाली आहे, रक्तदाबही खाली आला आहे. ज्या धडधडीने मला भर जिन्यात बसवलं होतं ती पुन्हा फिरकली नाही. तेव्हा तू आता रोज देव पाण्यात घालून बसू नकोस.

बारीकसारीक तक्रारी आहेत. हात बर्फासारखे गार असतात. ही म्हणते की मी तिच्या मानेला चुकून हात लावला तर ती मला कारखान्यातच झोपायला पाठवील. जिना चढताना पाय जड होतात, दुपारी पेंग येते. आणि स्वप्नं तर अशी पडतात की तिकीट काढून बघावीत. रोज दादा येतात, ताई. बाप जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आता रोज. रंगाच्या टबाजवळ उभे असतात, अंगात तोच रबरी एप्रन, हात कोपरापर्यंत निळे. बोलत काहीच नाहीत. कोपऱ्यातलं ते तीन पायांचं बुटकं स्टूल पायाने माझ्याकडे सरकवतात. मी म्हणतो की काम पडलंय, बसायला वेळ नाही. मग ते डोळे वटारतात आणि मी जागा होतो. स्टूल अजून त्याच कोपऱ्यात आहे. त्याच्यावर मी ओले हातमोजे ठेवतो, बहुतेक त्याचाच त्यांना राग असावा.

सोमवारपासून कारखान्यात जायला लागलो. मदतनीस बाईंनी टब घासूनपुसून ठेवले होते. कापड रंगात सोडलं, एका हाताने काठी धरली, दुसऱ्या हाताच्या बोटाने त्याच मनगटाची नाडी चाचपली आणि दादांसारखे ठोके मोजायला लागलो, तेव्हा वाटलं की आता खरा घरी आलो. भाऊजी हसतात ना, की आमच्या कारखान्यात अजून घड्याळ कसं नाही? त्यांना सांग, दादांचं घड्याळ टबात पडून निळं झालं तेव्हापासून आमचं घड्याळ मनगटाच्या आत असतं. ओलं कापड नेहमी गडदच दिसतं, डोळ्यांवर विसंबलं की फसलोच. ठोके मात्र खोटं बोलत नाहीत.

भाचीच्या येणाऱ्या बाळाच्या पांघरुणाला तुला फिकी निळी लोकर कमी पडत होती ना, तीही रंगवून वाळत घातली आहे. दोन दिवसांत पाठवतो.

भाऊजींना नमस्कार. हात गार पडले तरी तुझ्यावरचा जीव ऊबदार आहे, तसाच तुझाही माझ्यावर राहू दे.

तुझा,
घुम्या


१५ फेब्रुवारी

चि. घुम्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र आलं. फोनवर तू हं आणि बरं यापलीकडे जात नाहीस, आणि कागद मिळाला की पानभर बोलतोस. म्हणून मी फोनचा नाद सोडला आहे. नर्सबाईंबद्दल जे लिहिलंस ते वाचून तुझे भाऊजी इतके हसले की त्यांचा चष्मा चहात पडला. मी त्या बाईंना एवढंच सांगितलं होतं की रुग्णाला झोपेतून उठवून झोपेची गोळी देऊ नये. यात धडे कसले?

लोकर मिळाली. मऊ आहे, रंग एकसारखा बसलाय, कुठे डाग नाही की ठिगळ नाही. फक्त बाबा रे, ती फिकी निळी नाही. जुन्या लडीशेजारी ठेवली तर सरळ दोन रंग दिसतात. अर्धं पांघरूण सकाळी विणल्यासारखं आणि अर्धं दिवेलागणीला. तुझ्या भाचीला दाखवलं तर ती म्हणाली की बाळाचे पाय अंधारात राहतील, पण मामाने पाठवलंय म्हटल्यावर चालेल. भाऊजींनी निकाल दिला की तू घाईत नमुना न बघता रंगवलंस. मी म्हटलं की माझा भाऊ इतर सगळं विसरेल, नमुना विसरणार नाही. तेव्हा आता तूच सांग, मी खरी की ते?

पण रंगापेक्षा मला तुझ्या हातापायांची काळजी आहे. हात गार पडतात, पाय जड होतात, पेंग येते, भलती स्वप्नं पडतात, हे सगळं तू मला लिहिलंस. डॉक्टरांना सांगितलंस का? मला ठाऊक आहे, नाही सांगितलं. त्यांनी कसं वाटतंय विचारलं असेल आणि तू मूग गिळून बरं आहे म्हणाला असशील. माझ्या मैत्रिणीला याच जातीची गोळी होती. तिलाही असंच व्हायचं. तिने डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी प्रमाण थोडं बदललं आणि ती आता बाजारभर हिंडते. सगळ्यांचं सारखं नसतं, पण ज्याचं दुखतं त्याने बोलायला नको का?

दादा स्वप्नात येतात हे वाचून मला मात्र तुझा हेवा वाटला. माझ्या स्वप्नात कोण येतं, तर शेजारचा कुत्रा.

वहिनीला आशीर्वाद. तुझी माया कागदावर सांडते तशी तोंडावरही थोडी सांडू दे, एवढंच मागणं.

तुझी,
ताई


२६ फेब्रुवारी

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. वाचनालयात दुपारी वाचक कमी असतात, तेव्हा टेबलावर पुस्तक उघडं ठेवून त्याच्या आड लिहिते. कोणी आलं की पान उलटते.

तुमचं पत्र आलं तेव्हा लोकरीचा मजकूर ह्यांनी दोनदा वाचला. तुम्ही थट्टेने लिहिलं होतं, पण घाव वर्मी बसला. कारण त्याच आठवड्यात गणवेश शिवणाऱ्या बाईंनी कापडाचा गठ्ठा परत आणला होता. त्या भल्या आहेत, ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की पुढच्या बाकांवरची मुलं एका शाळेची दिसतील आणि मागच्या बाकांवरची दुसऱ्या. मग पडदेवाल्याचंही कापड आलं. त्याचा हलका हिरवा मागितला होता, निघाला शेवाळासारखा. ह्यांनी नवं कापड घेऊन रंगवून दिलं, तेही गडद. ताई, इतक्या वर्षांत ह्यांच्या हातचा माल परत आलेला मी पाहिला नव्हता.

ह्यांना वाटलं डोळे गेले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं तपासून सांगितलं की डोळे ठणठणीत आहेत. चांगली बातमी ऐकून माणूस हसतो, हे जास्तच खचले. डोळे नाहीत म्हणजे हात गेला, असं म्हणाले. आता रोज संध्याकाळी खिडकीशी बसून दादांच्या वेळच्या नमुन्याच्या चिंध्या उजेडात धरतात, त्याच्याशेजारी आपल्या धरतात. जेवायला तीनदा हाक मारावी लागते.

रस्त्यापलीकडे यंत्रावर रंगवणारे आहेत, त्यांना ह्यांनी निरोप धाडला आहे की आमचे टब आणि जागा घ्यायची असेल तर येऊन बघून जा. ते पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला येणार आहेत. मी विचारलं की एवढी घाई कशाला, तर म्हणाले की रंगाऱ्याचा हात गेला की त्याने बाजूला व्हावं, लोकांच्या कापडावर प्रयोग करू नयेत. हे हृदयाचं दुखणं सोसतील, ताई. पण कारखाना गेला तर हे घरात काय करतील? मला खरंच भीती वाटते. कारखान्याशिवाय हा माणूस कसा दिसतो तेच मला माहीत नाही.

आणखी एक. गोळी सुरू झाली आणि रंग बिघडला, असं हे कालपासून पुटपुटतात. मी म्हटलं की मग डॉक्टरांना विचारा. म्हणाले, ते हृदयाचे डॉक्टर आहेत, निळ्या रंगाचे नाहीत. तुम्ही समजावून लिहा. तुमचं ऐकतील, निदान तुम्हाला घाबरतील.

माझं धीराचं माणूस तुम्हीच आहात, ते तसंच उभं राहू द्या.

तुमची,
वहिनी


७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चोर सापडला!

घाईत लिहितोय. ती गोळीच होती. मी रविवारपासून बंद केली आहे. पहिल्या दिवशी काही फरक नाही, दुसऱ्या दिवशी रंग जरा उजळला, आणि काल जो नमुना काढला तो दादांच्या चिंधीशेजारी ठेवला तर कोणता कोणाचा हे मलाच ओळखेना. मदतनीस बाईंना बोलावून दाखवला. त्यांनी चुकीचा उचलला. मला इतका आनंद झाला की मी त्यांना उरलेला दिवस सुटी देऊन टाकली आणि मग सगळं कापड एकट्याने पिळत बसलो.

त्या गोळीने माझ्या नजरेतला नाहीतर हातातला काहीतरी कस काढून घेतला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांना ते दिसायचं नाही, ते फक्त अक्षरं वाचायला लावतात. आता हात गरम आहेत. जिना दोन दोन पायऱ्यांनी चढलो. आज सकाळपासून छातीत जरा फडफड होतेय, पण ती आनंदाची असणार.

हिला यातलं काही सांगू नकोस, तुला माझी शपथ. गोळी मी रोज हिच्यासमोर तोंडात टाकतो आणि मग खिडकीतल्या कुंडीत पुरतो. त्या रोपाचा रक्तदाब आता उत्तम असेल. डॉक्टरांना सावकाश सांगेन. रंग आधी ताळ्यावर येऊ दे. यंत्रवाल्यांनाही येऊ नका म्हणून कळवणार आहे.

तुझ्यासाठी नवी लोकर आज टबात घालतोय. या वेळी बाळाचे पाय उजेडात राहतील.

खूप दिवसांनी पोटभर हसलो, त्यातला अर्धा वाटा तुझ्यासाठी पाकिटात घातलाय.

तुझा,
घुम्या


१२ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

आधी हे लिहिते की हे घरी आहेत, पलंगावर बसून पेज पीत आहेत आणि नाडी नीट आहे. फोनवर मी निम्मं रडले आणि निम्मं बोलले, म्हणून आता सगळं सरळ लिहिते.

तुमचा फोन वाचनालयात आला तेव्हा मी परत आलेली पुस्तकं लावत होते. ह्यांनी गोळी बंद केली आहे, एवढं तुम्ही म्हणालात आणि माझ्या हातातली पुस्तकं खाली पडली. शपथ मोडलीत, फार चांगलं केलंत. मी तशीच धावत सुटले. कारखान्यात पोहोचले तर हे टबाला टेकून जमिनीवर बसलेले, चेहरा पांढराफटक, हात छातीवर, आणि मदतनीस बाई त्यांना पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. छातीत पाखरू कोंडल्यासारखं होतंय, असं म्हणत होते. गणवेशवाल्या बाईंची गाडी बाहेर उभी होती. तिच्यातून इस्पितळात नेलं. पुन्हा एक गठ्ठा परत द्यायला आल्या होत्या बिचाऱ्या, त्याच्यावरच ह्यांना निजवलं.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी सांगितलं की ही गोळी शरीराची घाई अडवून धरते. शरीराला त्याची सवय होते. ती एकदम सोडली की अडवून धरलेलं सगळं एकदम सुटतं, आणि हृदय आधीपेक्षाही जोरात धावायला लागतं. कधी कधी त्याने जिवावर बेततं. बंद करायचीच असेल तर डॉक्टरांनी, आणि तीही हळूहळू कमी करत. ह्यांचं वेळेत निभावलं. गोळी पुन्हा सुरू केली आहे. रात्र तिथे काढली आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. का बंद केलीत, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हे खिडकीबाहेर बघत राहिले.

आता खरी गोष्ट पुढे आहे. त्या दिवशी जे कापड टबातून निघालं होतं ते मदतनीस बाईंनी वाळवून घरी आणलं. ताई, ते फिकं आहे. गडद नाही, फिकं. धुऊन धुऊन विटल्यासारखं. तुमची लोकरही तशीच. ह्यांनी ते पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून निजले. गोळी घेतली तरी बिघडतं, सोडली तरी बिघडतं, म्हणजे बिघाड गोळीत नाही, माझ्यातच आहे, एवढं बोलले. तेव्हापासून वीस तारखेची वाट बघताहेत. यंत्रवाल्यांना येऊ नका म्हणून कळवणार होते, ते राहिलंच.

तुमची लोकर या पत्रासोबत पाठवते आहे. तिच्यात ह्यांच्या कापडाची एक चिंधीही बांधली आहे. का ते मला सांगता येणार नाही. कोणीतरी आपल्या बाजूने बघावं, असं वाटलं.

कुंडीतलं रोप ठीक आहे. मी त्यालाही रागावले.

तुमचा हात असाच आमच्या पाठीवर राहू दे.

तुमची,
वहिनी


१५ मार्च

चि. घुम्यास,
अ. उ. आ. वि. वि.

आधी तुला चार शब्द सुनावते, मग कामाचं लिहिते. तू मला शपथ घातलीस आणि मी ती पत्राची घडी घालायच्या आत मोडली. पुन्हा घातलीस तर पुन्हा मोडीन. तुझे भाऊजी आयुष्यभर लोकांना गाडी शिकवत आले. ते म्हणाले की उतारावर ब्रेक आवडत नाही म्हणून कोणी एकदम पाय उचलत नाही, आणि उचलला तर पुढचं शिकवायला मास्तर उरत नाही. तुझं काही झालं असतं तर मी कुणाला घुम्या म्हणून हाक मारली असती? एवढं तरी मनात आणायचंस. झालं, सुनावून झालं.

आता नीट वाच. वहिनीने पाठवलेली लोकर काल संध्याकाळी आली. मी टेबलावर तिन्ही लडी शेजारी ठेवल्या. तुझ्या आजारपणाआधीची, गोळी सुरू असतानाची आणि गोळी सोडल्यानंतरची. एक बरोबर, एक गडद, एक फिकी. ती फिकी लड बघून मला एकदम हसू आलं, कारण तो रंग मी ओळखते. तो माझा रंग आहे.

तुला ते तीन पायांचं स्टूल आठवतं ना, जे दादा स्वप्नात तुझ्याकडे सरकवतात? ते माझं स्टूल आहे. शाळा सुटली की मी रस्ताभर धावत कारखान्यात यायची आणि मला ठोके मोजू द्या म्हणून हट्ट करायची. दादा पायाने स्टूल सरकवायचे आणि म्हणायचे की धावून आलेल्याने आधी बसावं. श्वास शांत होईपर्यंत मला टबाला हात लावू द्यायचे नाहीत. एकदा ते बाहेर गेले होते तेव्हा मी धापा टाकतच मोजले. पाहुण्यांसाठी रंगवलेले सगळे टॉवेल असे फिके निघाले की आई त्यांना मेलेले टॉवेल म्हणायची. वर्षानुवर्षं आपण त्यांनीच अंग पुसलं. तुला टॉवेल आठवत असतील, त्यांचं कारण ठाऊक नसेल. कारण तू कधी धावलासच नाहीस! तू चालत यायचास, गप्प उभा राहायचास आणि दादा लगेच तुझ्या हातात काठी द्यायचे. त्या स्टुलावर बसायची वेळ तुझ्यावर आलीच नाही.

कळलं का आता? धावणाऱ्याचे ठोके लवकर संपतात, कापड टबातून लवकर निघतं आणि फिकं राहतं. तुझ्या गोळीने ठोके संथ केले. तू मोजलेस तेवढेच, दादांनी शिकवले तेवढेच, पण ते संपायला जास्त वेळ लागला आणि कापड रंगात जास्त राहिलं. गोळी सोडलीस तेव्हा नाडी आधी पूर्वीसारखी झाली आणि मधेच एक दिवस रंग बरोबर आला. मग ती उधळली, आणि रंग उडाला. तुझे डोळे जागेवर आहेत, हात जागेवर आहे. तुझं मनगटातलं घड्याळ तेवढं औषधाने बदललंय, आणि ते औषध तुला जिवंत ठेवण्यासाठी आहे.

हे मी काही डॉक्टरकी म्हणून सांगत नाही. चूक असेन तर पुढच्या वेळी मलाच त्या स्टुलावर बसव. पण करून बघायला काय जातं? वहिनीच्या स्वयंपाकघरात पाव भाजताना वाजतं ते घड्याळ आहे, ते घे, प्लास्टिकच्या पिशवीत घाल म्हणजे वाफ लागणार नाही, आणि एक चिंधी रंगवून बघ. वीस तारखेच्या आत. आणि डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांग. गार हात, जड पाय, पेंग, दादा, ठोके, कुंडी, सगळं. तोंड उघडल्याशिवाय घास जात नाही आणि दुखणंही जात नाही.

पांघरुणासाठी आता आणखी लोकर पाठवू नकोस. का ते नंतर कळेल.

तू आहेस म्हणून माझं माहेर आहे. तेवढं मला राखून ठेव.

तुझी,
ताई


३० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला स्टुलावर बसावं लागणार नाही.

तुझं पत्र मी टबाशेजारी उभ्यानेच वाचलं. वाचून झाल्यावर मनगटावर बोट ठेवलं. रोज हात लावत होतो त्याच जागी उत्तर होतं, आणि मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन अक्षरं वाचत होतो! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मदतनीस बाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या की त्यांना मधेमधे वाटायचं की हल्ली मालक काठी धरून फार वेळ उभे राहतात, पण आजारातून उठलेलं माणूस म्हणून बोलल्या नाहीत. एकूण आमच्या कारखान्यात घुमे दोन आहेत.

मोजायला मात्र अडचण आली. किती ठोके हे दादांनी शिकवलं होतं, किती मिनिटं हे कोणालाच ठाऊक नाही. मग त्याच टबात, त्याच रंगात चिंध्या सोडत गेलो आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ बघून एकेक काढत गेलो. वाळेपर्यंत कळणार नव्हतं, म्हणून त्या दोरीवर टांगून ही आणि मी खाली बसून राहिलो. ही वाचनालयातून लवकर आली होती. वाळल्यावर दादांची चिंधी घेऊन ओळीने लावत गेलो आणि मधल्या एका चिंधीपाशी ही थांबली. ही माझ्याकडे बघून रडली आणि मग माझे गार हात स्वतःच्या मानेवर ठेवून घेतले, एवढंच लिहितो.

यंत्रवाले वीस तारखेला ठरल्याप्रमाणे आले. मी त्यांना चहा पाजला, टब दाखवले, ते विकायचे नाहीत असं सांगितलं आणि गाडीपर्यंत पोचवून आलो. त्यांचा मालक माणूस चांगला आहे. जाताना त्याने विचारलं की भिंतीवर स्वयंपाकघरातलं घड्याळ का टांगलंय. मी म्हटलं की जुनं घड्याळ दुरुस्तीला दिलंय.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. खरंच सगळं, कुंडीसकट. मी बोलत होतो आणि ही बाजूला बसून थक्क होऊन बघत होती. ठोक्यांची गोष्ट ऐकून डॉक्टर आधी हसले, मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं. म्हणाले की गार हात, थकवा, पेंग आणि असली ठळक स्वप्नं हे या गोळ्यांनी काही जणांना होतं, पण सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळणार. नाडी जरा जास्तच संथ झाली होती, तेव्हा त्यांनी प्रमाण थोडं उतरवलं आणि गोळीची जात बदलली, तीही एकदम नाही, बेताबेताने. आता जिना चढताना मधे थांबत नाही. हात अजून गार असतात, पण हिची तक्रार बंद आहे. गणवेशवाल्या बाई काल कापड घेऊन गेल्या आणि आज दुसरा गठ्ठा रंगवायला देऊन गेल्या.

पांघरुणाचा फोटो मिळाला. तिन्ही रंगांचे पट्टे तू तसेच विणलेस, फिका, बरोबर आणि गडद, आणि भाचीला सांगितलंस म्हणे की यातला एकही रंग चुकलेला नाही, मामाचं हृदय त्या दिवशी जसं होतं तसा रंग उतरलाय. वाचून मला हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. बाळ आलं की त्याला त्यातच गुंडाळ, पायांकडे कोणताही पट्टा असू दे.

आता एक गोष्ट फक्त तुला लिहितो. गोळी बदलल्यापासून स्वप्नं थांबली. डॉक्टरांनी विचारलं की झोप कशी लागते. मी म्हटलं गाढ. ते म्हणाले छान. मीही म्हटलं छान. पण ताई, दादा आता येत नाहीत. इतकी वर्षं आले नव्हते, या गोळीच्या निमित्ताने रोज आले, रोज स्टूल सरकवलं आणि मी रोज काम आहे म्हणून त्यांना परत पाठवलं. ते काय म्हणत होते हे मला कळलं तेव्हा ते यायचे बंद झाले होते. याचं मला वाईट वाटतं, आणि वाईट वाटतं हे मी आयुष्यात पहिल्यांदाच कुणी न विचारता सांगतोय.

स्टुलावरचे हातमोजे मी काढून खिळ्याला लावले आहेत. सकाळी कारखान्यात गेलो की पहिल्यांदा त्याच्यावर जाऊन बसतो. बुटकं आहे, गुडघे पार हनुवटीशी येतात आणि मदतनीस बाई तोंड फिरवून हसतात. बोट अजून आपोआप मनगटावर जातं. मोजत काही नाही. मी आता धावत नाहीये दादा, एवढं त्यांना कळवतो, आणि मग उठून रंगाला लागतो.

तू ये. स्टूल तुझं आहे, पण आता आपल्याला पाळी लावावी लागेल.

तुझा,
घुम्या